इसम, वय सत्तावन्न

मी सोमवारी दुपारी तीन वाजता चक्कर येऊन पडायचं आणि गुरुवारी साडेतीनच्या सुमारास मरायचं, असं वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात पक्कं ठरलं होतं. या कारस्थानात माझाही हात होता, हे मला मान्य आहे. संमतिपत्रावरची सही माझीच. पण सही केली तेव्हा मी आडवा होतो, आठवड्यापूर्वी दोन पिशव्या रक्त चढलं होतं, आणि परक्याचं रक्त अंगात खेळत असलं की माणूस नको इतका उदार होतो.

झालं ते असं. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात प्रुफं तपासतो. एकतीस वर्षं झाली. एके दिवशी सकाळी साडेअकराला सातवीच्या भूगोलाच्या गठ्ठ्यावर मी आडवा झालो तो थेट रुग्णालयात, चौदा नंबरच्या खाटेवर जागा झालो. पोटात व्रण होता आणि त्यातून रक्त जात होतं. घशातून नळी घालून डॉक्टरांनी ते थांबवलं. आठ दिवसांनी घरी सोडायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम खाटेशी येऊन बसल्या. त्या तिथल्याच महाविद्यालयात शिकवतातही.

"तुमची केस आमच्या मुलांना अभ्यासाला दिली तर चालेल का?" त्या म्हणाल्या. "नाव कुठंही येणार नाही."

"छापून देणार?"

"हो. तीन पानं होतील."

"मग प्रूफ मी बघणार."

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, आजारी माणूस गंमत करतोय. पण माझ्याविषयी काहीतरी छापलं जातंय आणि ते मी तपासलेलं नाही, ही कल्पना मला व्रणापेक्षा जास्त टोचली असती.

ही शिकवण्याची पद्धत काय आहे, ते त्यांनी मला तेव्हाच समजावलं. तिला समस्याधारित शिक्षण म्हणतात. आठ मुलं एका टेबलाभोवती बसतात. त्यांना एका रुग्णाची हकिकत देतात, पण सगळी एकदम नाही, एकेक पान. एकानं मोठ्यानं वाचायचं, एकानं फळ्यावर लिहायचं, बाकीच्यांनी तर्क करायचे. मग आपल्याला काय काय येत नाही याची यादी करायची, ती आपसांत वाटून घ्यायची, तीन दिवस ग्रंथालयात घासायची आणि परत येऊन एकमेकांना शिकवायची.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी तिथं बसते. मला उत्तर माहीत असतं, पण मी सांगत नाही."

शेजारच्या कंपाउंडरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. त्यांनी चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे औषधं बांधून दिली आहेत आणि निवृत्तीनंतर ते आमच्या इमारतीत सल्ला देतात. "सांगत नाही म्हणजे?" ते म्हणाले. "उत्तर माहीत असून गप्प बसायचं? मला नाही जमायचं." ते खरं होतं. उत्तर माहीत नसतानाही त्यांना गप्प बसणं कधी जमलेलं नाही. प्रुफांवर वाकून जडलेल्या माझ्या मानदुखीवरची, जिनं हा व्रण झाला ती गोळी त्यांनीच सांगितली होती. अर्थात त्यांनी "जेवणानंतर एक" असं सांगितलं होतं. मी रिकाम्या पोटी चार घ्यायचो, ते माझं संशोधन.

आठवडाभरानं पहिलं पान घरी आलं. पहिलीच ओळ अशी होती: 'इसम, वय ५७, स्थूल बांध्याचा, हट्टी स्वभावाचा, व्यवसायाने चौकीदार.'

इसम! पोलिसांना नाल्यात सापडतो त्याला इसम म्हणतात. मी लाल शाई घेऊन बसलो. एका पानात तेवीस चुका निघाल्या. 'रक्तस्त्राव' लिहिलं होतं, तिथला त मी कापून टाकला. 'स्थूल' खोडून 'भरदार' केलं. 'हट्टी' खोडून 'ठाम' केलं. आणि पान घेऊन स्वतः मॅडमच्या खोलीत गेलो.

"तुमची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत," त्या म्हणाल्या.

"बदललेत ते सगळे चांगले, आणि ठेवलेत ते सगळे वाईट," मी म्हटलं.

यावर त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि "खरंय की," असं प्रामाणिकपणे कबूल केलं. भाषेच्या दुरुस्त्या मात्र त्यांना इतक्या आवडल्या की उरलेली दोन पानंच काय, वर्षभराच्या सगळ्या केसेस मी तपासाव्यात असा प्रस्ताव त्यांनी मांडला. फक्त त्यासाठी माझी रीतसर नेमणूक व्हायला हवी होती, कारण पुढची पानं बाहेरच्या माणसाला दाखवायला मनाई होती. 'भाषा-तपासनीस, मानद.' मला तो शब्द फार भावला. मानद.

मानद होण्यासाठी मी तळमजल्यावरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकूनबाईंनी माझा नंबर संगणकात घातला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची नेमणूक करता येत नाही. तुम्ही ॲडमिट आहात."

"मी घरी जाऊन तीन आठवडे झाले."

"इथं चौदा नंबरवर दिसताय."

"चौदा नंबरवर दुसरं कुणीतरी असेल."

"तेही आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोघं आहात."

डिस्चार्जचा कागद मी दाखवला. तो चालेना, कारण त्यावर वॉर्डाचा शिक्का होता, नोंदणीचा नव्हता. नोंदणी विभाग म्हणाला, रुग्णाला समक्ष आणा. मी म्हटलं, मीच तो. ते म्हणाले, मग तुम्ही वॉर्डाबाहेर कसे आलात? शेवटी वॉर्डातल्या सिस्टर माझ्याबरोबर खाली आल्या, मला दंडाला धरून काउंटरपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हे बघा, हे चालतात." तशी नोंद झाली, मला दुसऱ्यांदा घरी सोडण्यात आलं, आणि त्याच दुपारी मी मानद झालो.

उरलेली दोन पानं हातात आली. दुसऱ्या पानावर माझ्या छातीत धडकी भरेल असं एक वाक्य होतं, त्याविषयी पुढे सांगतो. तिसऱ्या पानावर मी मेलो होतो.

'...उपचारांना प्रतिसाद न देता सायंकाळी मरण पावला.' व्याकरण निर्दोष होतं. खोट काढायला जागा नव्हती. तरी मी 'मरण पावला' वर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'बरा झाला'.

दोन दिवसांनी पान परत आलं. माझ्या लाल रेघेखालच्या शब्दांना मॅडमनी बारीक टिंबं दिली होती. खोडलेला शब्द पुन्हा हवा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात. ही खूण त्यांना मीच शिकवली होती.

मी तडक त्यांच्या खोलीत गेलो. "मॅडम, मी जिवंत आहे."

"तुम्ही जिवंत आहात, कारण तुम्ही छापखान्यात पडलात आणि चारचौघांनी उचलून आणलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "हा चौकीदार घरी एकटा असताना पडतो आणि एक दिवस उशिरा येतो. बाकी सगळं तुमचंच आहे. एका दिवसानं काय होतं, ते मुलांना कळू दे."

मी लाल पेनाला टोपण लावलं.

आता त्या दुसऱ्या पानाबद्दल. त्यावर लिहिलं होतं: 'रुग्णास चाळीस दिवस डांबरासारखी काळी शौच होत होती. ही बाब त्याने घरी सांगितली नाही.'

हे मी मॅडमना दाखल झालो त्या दिवशी सांगितलं होतं, हिला बाहेर पाठवून. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटत होतं की सगळं एकाएकी झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तसंच सांगत होती, "काही नव्हतं हो, सकाळी चांगले डबा घेऊन गेले." ते ऐकताना मी खिडकीबाहेर बघायचो. पहिली दोन पानं मी शब्दकोशात दडवली, कारण घरात शब्दकोशाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

सोमवारी मॅडमनी मला वर्गात यायला सांगितलं. "कोपऱ्यात बसा. मुलं वाचताना कुठं अडखळतात ते बघा. फक्त बोलायचं नाही."

"तुमच्यासारखंच."

"माझ्यासारखंच. बघा जमतंय का."

खोली लहान होती. गोल टेबल, दहा खुर्च्या, एक पांढरा फळा, त्याच्या कडेला सुकलेली चार पेनं आणि चालणारं एक. मुलं एकोणीस-वीस वर्षांची. चष्मेवाली एक मुलगी वाचणार होती आणि एक उंच मुलगा फळ्यापाशी होता. मॅडमनी "हे आमचे भाषा-तपासनीस," एवढंच सांगितलं. मुलांनी मान डोलावली आणि मला खुर्चीइतकंच महत्त्व दिलं.

मी पडलो. म्हणजे चष्मेवालीनं तसं वाचलं. आणि मग माझ्यावर जी चर्चा सुरू झाली, ती ऐकायला काळीज दगडाचं हवं. एकानं मला हृदयविकार दिला. दुसऱ्यानं तो काढून घेऊन मधुमेह दिला. एका मुलीनं माझ्यावर दारूचा संशय घेतला आणि तिघांनी तिला दुजोरा दिला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या हाताची घडी घालून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता बसल्या होत्या. मुलं चुकत होती, त्यांच्या डोळ्यांसमोर चुकत होती, आणि ही बाई गप्प! एकतीस वर्षं चूक दिसली की माझा हात आपोआप उठतो. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

पण दुसरं पान आलं आणि मुलं हळूहळू रुळावर आली. काळी शौच, म्हणजे वरून कुठूनतरी रक्त. मानदुखीच्या गोळ्या, म्हणजे जठराचं अस्तर. एकीला जे येत नव्हतं ते दुसऱ्याला थोडं येत होतं, आणि जिथं कुणालाच येत नव्हतं तिथं उंच मुलगा फळ्यावर प्रश्न लिहीत होता. तासाभरात ती आठ पोरं अंधारात चाचपडत माझ्या पोटातल्या त्या छिद्रापर्यंत आली. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

मग चष्मेवाली म्हणाली, "पण यानं चाळीस दिवस सांगितलं का नाही?"

मॅडमनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"अशिक्षित असेल," एक जण म्हणाला. उंच मुलानं लिहिलं, 'एक: अशिक्षित.' शब्दकोशात सतरा चुका काढलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत लिहिलं. मी तेही सोसलं.

"हट्टी आहे असं दिलंय. म्हणजे डॉक्टरवर विश्वास नसेल."

'दोन: विश्वास नाही.'

"आणि बायको काय करत होती?" दारूचा संशय घेणारी मुलगी म्हणाली. "एका घरात राहून चाळीस दिवस तिच्या लक्षात येत नाही?"

"तिचं लक्षच नसेल."

'तीन: घरच्यांचं दुर्लक्ष.'

मी उठलो. फळ्यापाशी गेलो, पुसणी घेतली आणि तिसरी ओळ पुसून टाकली. मॅडमनी मला अडवलं नाही.

"ही ओळ चुकीची आहे," मी म्हटलं.

"काका, तुम्हाला काय माहीत?" उंच मुलगा म्हणाला.

"तो इसम मी आहे."

सोळा डोळे आधी माझ्या चेहऱ्यावर आणि मग एकदम माझ्या पोटावर गेले. एका मुलानं घाईनं उठून आपली खुर्ची माझ्या मागे सरकवली. मी पुन्हा पडेन असं त्याला वाटलं असावं. मी बसलो, आणि जे कुणालाच सांगायचं नव्हतं ते त्या आठ अनोळखी पोरांना सांगितलं.

"तिचं लक्ष होतं," मी म्हटलं. "तिनं मला तीनदा विचारलं. जिन्यात धाप लागली तेव्हा विचारलं, मी म्हटलं गुडघे दुखतात. चेहरा फिका दिसतोय म्हणाली, मी म्हटलं छापखान्यातल्या दिव्यांचा उजेडच तसा. ताटात अन्न टाकायला लागलो तेव्हा ती रडकुंडीला आली, तर मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. दुर्लक्ष नाही, पोरांनो. मी खोटं बोललो."

"पण का?" चष्मेवालीनं विचारलं. चौकशीच्या सुरात नाही, अगदी हळू.

"दोन कारणं होती. एक लाजिरवाणं आहे. तीस वर्षांच्या संसारात हा विषय आमच्यात कधी निघालेला नाही. शब्द कुठला वापरायचा इथून सुरुवात." कुणी हसलं नाही. "दुसरं असं की माझ्या वडिलांना असंच झालं होतं. त्यांनी घरी सांगितलं. सांगितल्यावर दवाखान्यात नेलं, पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. महिन्याभरात गेले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. मला वाटायचं, सांगितलं म्हणून गेले. न सांगता राहिले असते तर अजून बसले असते खुर्चीवर. हे खरं नाही ते मला कळतं. पण सकाळी सहा वाजता दार लावून एकटं आत बसलेलं असताना कळत नाही."

मग उंच मुलानं विचारलं, "काका, हे... कसं लिहू?"

"एका शब्दात लिही."

त्यानं लिहिलं, 'भिती'.

"भी दीर्घ," मी म्हटलं. त्यानं पुसून नीट लिहिलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ही दुसरीच्या मुलांच्या वह्या तपासत होती. ती प्राथमिक शाळेत शिकवते. मी शब्दकोशातून पानं काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आठ परक्या माणसांना जे कळलं, ते हिला नवव्या तोंडून कळावं, हे मला पटेना. तिनं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. दुसरं पुन्हा एकदा वाचलं.

"मी तीनदा विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तिन्ही वेळा खोटं?"

"हो."

"भाजी अळणी आहे म्हणालात, तेही?"

"तेही."

तिनं पुढची वही उघडली. पुढचे दोन दिवस घरात शुद्ध शांतता होती. चहा मिळत होता, डबा मिळत होता, औषधं वेळच्या वेळी ताटाशेजारी येत होती. शब्द फक्त मिळत नव्हता. कंपाउंडरांनी जिन्यात गाठून सल्ला दिला, "थोडं पडल्यासारखं करा, लगेच बोलतील." हा त्यांचा पहिलाच सल्ला, जो मी मुळीच मानला नाही.

गुरुवारी दुपारी निघालो, तर ही दारात चप्पल घालून उभी. शाळेत अर्धा दिवस रजा टाकली होती. "चला," ती म्हणाली. दोन दिवसांतला हा पहिला शब्द असल्यामुळे मी कारण विचारलं नाही.

मॅडमनी तिला बघितलं आणि न बोलता एक खुर्ची पुढे ओढली. मुलांनी आपापला अभ्यास एकमेकांना समजावला. ते झाल्यावर तिसरं पान वाटलं गेलं. चष्मेवालीनं वाचायला घेतलं. "रुग्णास बेशुद्धावस्थेत आणण्यात आले. नाडी जलद व क्षीण. रक्तदाब..." ती थांबली. तिची नजर पुढच्या ओळीवर गेली होती.

"वाच ना," कुणीतरी म्हणालं.

"मला नाही वाचवत," ती म्हणाली. "काका समोर बसलेत."

मी काही बोलायच्या आत हिनं हात पुढे केला. "आण इकडे."

आणि तिनं वाचलं. दुसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालते त्या आवाजात, एकेक शब्द सुटा, स्पष्ट, कुणाचा राहून जाऊ नये असा. रक्तदाब मोजता आला नाही. रक्त देण्यास सुरुवात केली. उपचारांना प्रतिसाद न देता सायंकाळी मरण पावला. ती पूर्णविरामापर्यंत गेली. मग कागद टेबलावर ठेवून तिनं तो हातानं सरळ केला, जरी तो चुरगळलेला नव्हता.

"आता मला सांगा," ती मुलांना म्हणाली, "हे खोटं बोलणार, हे धरून चाला. मी काय बघायला हवं होतं?"

मुलांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम गप्प. तेव्हा त्यांना कळलं असावं की हे आपल्यालाच सांगायचंय.

आणि त्यांनी सांगितलं. उंच मुलानं धाप कशी मोजायची ते सांगितलं. दारूवाल्या मुलीनं आधी हिची माफी मागितली आणि मग नखं कशी बघायची ते दाखवलं. चष्मेवालीनं चष्मा काढून स्वतःची खालची पापणी खाली ओढली. "काकू, आत बघा. रक्त चांगलं असेल तर लालसर दिसतं. कमी असेल तर फिकं पडतं. यात खोटं बोलता येत नाही." हिनं आठही मुलांच्या पापण्या ओढून पाहिल्या. एका मुलाला "तू वेळेवर जेवत नाहीस," म्हणून झापलं, आणि ते खरं निघालं. शेवटी मॅडमनीही खुर्ची पुढे सरकवली आणि मान वर केली. हिनं त्यांचीही तपासली.

चर्चा पाऊण तास लांबली. त्या पाऊण तासात मॅडमनी एकही उत्तर दिलं नाही, आणि एकही उत्तर चुकलं नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलं होतं. बसथांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती. मी म्हटलं, "राग गेला का?"

"नाही," ती म्हणाली. "इकडे बघा."

"इथं? लोक बघताहेत."

"बघू देत. उजेड आहे तोवर करून घेते."

तिनं माझी हनुवटी धरली, मान मागे केली आणि अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. रांगेतल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. बस आली. लोक चढले. मी डोळा उघडा ठेवून आभाळाकडे बघत उभा होतो. माझ्या हुद्द्याच्या माणसाला ते शोभणारं नव्हतं. मी हललो नाही.

"दुसरा," ती म्हणाली.

बस निघून गेली. मी दुसरा डोळा दिला.